रिचार्ज कुठला मारायचा? जिओ, एअरटेल आणि व्हीआयच्या पॅकची वापरानुसार झडती

रोज नेट वापरणाऱ्याला २८ दिवसांचा पॅक सगळ्यात महाग पडतो. जिओचंच बघा. २९९ रुपयांत २८ दिवस, रोज दीड जीबी. वर्ष काढायला असे १३ रिचार्ज लागतात, म्हणजे ३,८८७ रुपये. त्याच जिओचा वर्षाचा पॅक ३,५९९ ला आहे. त्यात रोज अडीच जीबी आणि वर अनलिमिटेड ५जी. महिन्याच्या महिन्याला थोडेथोडे भरणारा वर्षाअखेरीस २८८ रुपये जास्त मोजतो आणि त्याला रोज एक जीबी कमी मिळतो. ज्याच्या हातात एकरकमी साडेतीन हजार नसतात त्याच्याच खिशाला ही कात्री लागते, हे खटकणारं आहे. त्याच्यासाठीही मधला मार्ग आहे, तो पुढे दिला आहे.

इथले दर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत आणि फक्त कॉलचे पॅक जानेवारी २०२५ मध्ये आलेले. कंपन्या मधूनमधून पॅक काढून टाकतात (जिओनं रोज एक जीबीचा २४९ चा पॅक २०२५ मध्ये बंद केला), म्हणून पैसे भरण्याआधी ॲपमध्ये आकडा ताडून घ्या. हिशेबाची रीत बदलत नाही: पॅकची किंमत भागिले दिवस. जिओचा २९९ चा पॅक रोजचे १० रुपये ६८ पैसे घेतो, ८४ दिवसांचा ७९९ चा पॅक ९ रुपये ५१ पैसे. दोन्हींत डेटा रोज दीड जीबीच.

आधी मोजमाप

पॅक बघण्याआधी फोनमध्ये डेटा वापराचं पान उघडा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या नेटवर्क किंवा कनेक्शन विभागात ते असतं. तिथे वायफायचा आणि मोबाइल डेटाचा आकडा वेगवेगळा दिसतो. आपल्याला फक्त मोबाइल डेटाचा हवा. बरेच जण दोन्हींची बेरीज डोळ्यांपुढे ठेवून ‘मला रोज दोन जीबी लागतो’ असं म्हणतात. घरी ब्रॉडबँड असेल तर त्यातला मोठा वाटा वायफायवरच गेलेला असतो.

महिन्याची सरासरी मात्र फसवते. रोजच्या कोट्याच्या पॅकमध्ये न वापरलेला डेटा रात्री १२ वाजता संपतो, दुसऱ्या दिवसात जात नाही. सोमवार ते शुक्रवार २०० एमबी आणि रविवारी चार जीबी वापरणाऱ्याची सरासरी जेमतेम एक जीबीच्या आसपास राहते, तरी रविवारी दुपारी त्याचं नेट ६४ केबीपीएसवर येतं आणि यूट्यूब गोल फिरत बसतं. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये दिवसवार वापर बघा आणि महिन्यातले सगळ्यात जास्त वापराचे चार-पाच दिवस बाजूला काढा. ते दिवस थोडे असतील तर मोठा पॅक घेण्यापेक्षा लहान पॅक आणि त्या दिवसापुरतं डेटा व्हाउचर स्वस्त पडतं. जिओचं १९ रुपयांचं व्हाउचर एक जीबी देतं, एअरटेलचं २२ रुपयांचं. दोन्हींची मुदत एकच दिवस असते, तेव्हा आदल्या रात्री भरून ठेवू नका.

डेटा कुठे जातो हे कळलं तर पॅक एका पायरीनं खालचा घेता येतो. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर एका जीबीत सुमारे चार तास बघता येतं, ‘सेव्ह डेटा’ केलं तर सुमारे सहा तास. यूट्यूबला मोबाइल नेटवरची क्वालिटी ४८० वर बांधून ठेवता येते, सहा इंची पडद्यावर फारसा फरक जाणवत नाही.

फक्त बोलायला: आईबाबांचा फोन, दुसरं सिम

या वर्गातले लोक वर्षानुवर्षं गरज नसलेल्या डेटाचे पैसे भरत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम बदलला आणि प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक व्हाउचर ठेवायला लावलं. याच बदलात व्हाउचरची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवसांवर गेली. जानेवारीत कंपन्यांनी पॅक आणले आणि जिओ-एअरटेलनं थोड्याच दिवसांत त्यांचे दर उतरवले. जिओ: ८४ दिवस ४४८ रुपये, ३३६ दिवस १,७४८ रुपये. एअरटेल: ८४ दिवस ४६९, ३६५ दिवस १,८४९. व्हीआय: ४७० आणि १,८४९. जिओचा मोठा पॅक किमतीनं कमी दिसतो, पण त्याचे दिवस २९ नं कमी आहेत. रोजचा हिशेब केला तर जिओ ५ रुपये २० पैसे आणि एअरटेल ५ रुपये ७ पैसे.

आमच्या मते या सगळ्यांत सरस पॅक एअरटेलचा २,२४९ चा. ३६५ दिवस कॉल, ३,६०० एसएमएस आणि वर्षभरात कधीही वापरायला ३० जीबी. फक्त कॉलच्या पॅकपेक्षा ४०० रुपये जास्त. घरी वायफाय असलेल्या, बाहेर पडल्यावर रिक्षा बोलवण्यापुरतं, यूपीआयपुरतं आणि व्हॉट्सॲपपुरतं नेट लागणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. यात रोजचा कोटा नाही, त्यामुळे उरलेला डेटा मध्यरात्री वाया जात नाही. एकदम एवढे भरायचे नसतील तर जिओचा १८९ चा किंवा एअरटेलचा १९९ चा पॅक आहे: २८ दिवस, एकूण दोन जीबी. हे पॅक ॲपच्या पहिल्या पानावर बहुधा दिसत नाहीत, खाली स्वस्त पॅकच्या टॅबमध्ये शोधावे लागतात.

दोन जीबीच्या पॅकवर एक काम आधी करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाइल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा. नाहीतर सुप्रभातचे व्हिडिओ पहिल्या दहा दिवसांतच पॅक संपवतात. प्ले स्टोअरलाही ‘फक्त वायफायवर अपडेट’ सांगून ठेवा.

बटणांचा साधा फोन असेल तर जिओचं सिम घेऊ नका. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, कॉलसुद्धा ४जीवरून जातो. त्यामुळे २जीचा जुना डबा फोन तिथे चालत नाही, जिओचा स्वतःचा जिओभारत किंवा व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) असलेला फोनच लागतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलवर जुना फोन चालतो.

नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असेल तर तो मरू देऊ नका. पॅक संपला की आधी आउटगोइंग बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंगही. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनीला नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्या माणसाकडे जायला लागतात. आणखी एक गोष्ट ऐन वेळी नडते: नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. पॅक संपलेला असेल तर तो जात नाही आणि नोंदणी अडकते. परदेशात राहून इथला नंबर ओटीपीसाठी चालू ठेवणाऱ्यांनाही वर्षाचा कॉलचा पॅक पुरेसा आहे. निघण्याआधी इथूनच इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि तिकडे त्या सिमचा डेटा बंद ठेवा.

दोन जीबीची रेघ

जिओ आणि एअरटेल यांचं अनलिमिटेड ५जी जुलै २०२४ पासून रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच मिळतं. दीड आणि दोन जीबीच्या पॅकमधला खरा फरक हा आहे, अर्धा जीबी नव्हे. तुमच्या राहत्या जागी ५जी नीट पकडत असेल तर दोन जीबीचा पॅक घेऊन जवळजवळ मोकळ्या हातानं नेट वापरता येतं. ५जी नसेल, किंवा फोन ४जी असेल, तर या पॅकमधला अर्धा फायदा कागदावरच राहतो.

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. फोनवर ५जीची खूण आहे तोवरच वापर मोजला जात नाही. खोलीच्या आत गेलात, फोन ४जीवर उतरला, की रोजचा कोटा कापायला सुरुवात होते आणि ते कुणी सांगत नाही. ५जीचा मोठा भाग ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो. त्या भिंतीतून फार आत शिरत नाहीत. म्हणून गॅलरीत ५जी आणि पलंगावर ४जी हा प्रकार सिमेंटच्या इमारतींत नेहमीचा आहे. जिओनं ७०० मेगाहर्ट्झचाही पट्टा घेतला आहे, तो आतपर्यंत चांगला पोचतो. मात्र जिओचं ५जी ४जीचा आधार न घेता स्वतंत्रपणे (स्टँडअलोन, म्हणजे ‘एसए’) चालतं. फोन ‘एसए ५जी’ला धरून नसेल तर दुकानात ५जी म्हणून घेतलेला फोनही जिओवर ४जीच दाखवतो. सुरुवातीच्या काळातल्या काही ५जी फोनांना त्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट लागतो.

आता जिओची बेरीज-वजाबाकी. छोट्या पॅकवर ५जी जोडायला ५१, १०१ आणि १५१ रुपयांची व्हाउचर आहेत. ७९९ चा ८४ दिवसांचा पॅक घेऊन वर १५१ चं व्हाउचर मारलं तर ९५० होतात. त्याच ८४ दिवसांचा दोन जीबीचा पॅक, ५जीसकट, ८५९ ला मिळतो. ९१ रुपये फुकट जातात. २९९ अधिक ५१ म्हणजे ३५०, आणि २८ दिवसांचा दोन जीबीचा पॅक ३४९. ही व्हाउचर फक्त एकाच परिस्थितीत कामाची: दीड जीबीचा पॅक आधीच चालू आहे आणि मधेच तुमच्या भागात ५जी आलं.

वर्षाचा पॅक घ्यावा का, याचं उत्तर दोन्ही कंपन्यांसाठी वेगळं येतं. जिओचा ८५९ चा पॅक वर्षभर मारला तर ३६५ दिवसांचे सुमारे ३,७३३ रुपये होतात. वर्षाच्या ३,५९९ नं बचत १३४ रुपयांची. एवढ्यासाठी एकाच कंपनीला वर्षभर बांधून घेऊ नये. ८४ दिवसांचा पॅकच बरा, आणि सुरुवातीला म्हटलेला मधला मार्ग हाच. एअरटेलचा दोन जीबीचा ८४ दिवसांचा पॅक ९७९ चा आहे. त्याचा वर्षाचा हिशेब ४,२५४ रुपयांवर जातो आणि वर्षाचा पॅक ३,५९९ लाच आहे. इथे ६५५ रुपये वाचतात, तेव्हा रेंजची खात्री असेल तर वर्षाचा घ्यावा.

पगार झाला की त्याच तारखेला रिचार्ज, अशी सवय असलेल्यांना कॅलेंडर महिन्याचा पॅक सोयीचा. २०२२ मध्ये ट्रायनं तो बंधनकारक केला. जिओचा ३१९ चा पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपतो, वर्षाला १२ च रिचार्ज लागतात, म्हणजे ३,८२८. २९९ च्या पॅकपेक्षा दिसायला महाग, वर्षाला ५९ रुपयांनी स्वस्त.

व्हीआय आणि बीएसएनएल

व्हीआयच्या हीरो पॅकमध्ये जी गोष्ट आहे ती बाकी दोघांकडे नाही: सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो आणि रात्री १२ पासून सकाळपर्यंतचा वापर कोट्यात धरला जात नाही. दिवसभर ऑफिसच्या वायफायवर असणाऱ्याला आणि रात्रपाळीवाल्याला ही रचना अगदी चपखल बसते. त्या रविवारच्या चार जीबीवाल्यानंही आधी इथेच बघावं. पण हे सगळं रेंज असेल तर. व्हीआयचं ५जी मुंबईत मार्च २०२५ मध्ये सुरू झालं, म्हणजे बाकीच्यांच्या दोन वर्षांहून जास्त मागे.

बीएसएनएलनं जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नाहीत. स्वदेशी बनावटीचं त्यांचं ४जी देशभर २७ सप्टेंबर २०२५ ला रीतसर सुरू झालं. मुख्य नंबर तिकडे नेण्याआधी दुसऱ्या स्लॉटमध्ये सिम घालून बघावं. तुमच्या गावात टॉवर ४जीचा झालाय की नाही यावर सगळं ठरतं.

रेंज बघितल्याशिवाय पैसे भरू नका

कितीही स्वस्त पॅक घेतला तरी स्वयंपाकघरात कॉल तुटत असेल तर तो महागच. ट्रायच्या आदेशानं २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे ठेवावे लागतात. सुरुवात तिथून करा, पण नकाशा घराबाहेरचा असतो. घरातलं मोजायला त्या कंपनीचं सिम असलेला शेजारी किंवा पाहुणा गाठा. त्याच्या फोनमध्ये सेटिंग्ज, फोनविषयी माहिती, सिम स्टेटस असं जाऊन सिग्नलचा डीबीएम आकडा बघा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तो दिसतो. उणे ९० च्या वर, म्हणजे उणे ८५, उणे ७५, असेल तर उत्तम. उणे १०५ पर्यंत निभावतं. उणे ११० च्या खाली गेला की कॉल तुटणार आणि फोनची बॅटरीही लवकर उतरणार, कारण फोन टॉवरला गाठायला जास्त जोर लावतो. मोजमाप तीन ठिकाणी घ्या: झोपायची खोली, स्वयंपाकघर, आणि कामाच्या जागी तुमची खुर्ची. डेटासाठी संध्याकाळी नऊच्या सुमारास पुन्हा बघा. तेव्हा सगळी इमारत नेटवर असते, आणि पाच कांड्या असूनही वेग पडतो तो गर्दीमुळे.

घरातच रेंज नाही, पण ब्रॉडबँड आहे, तर कंपनी बदलण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. जिओ आणि एअरटेल दोघांकडे आहे, वेगळे पैसे नाहीत, ब्रॉडबँड कुठलंही चालतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात अशी ही सोय आहे, आणि ती बऱ्याच फोनांत बंदच पडलेली असते.

पोस्टपेडची किंमत जाहिरातीत पूर्ण नसते

प्रीपेडचा आकडा करासकट असतो, पोस्टपेडच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४४९ चं बिल ५३० चं येतं. एकट्या माणसाला पोस्टपेड परवडत नाही, अपवाद फक्त कंपनी बिल भरते त्यांचा आणि वारंवार परदेशी जाणाऱ्यांचा. चौघांच्या घराला जिओचा ४४९ चा प्लॅन बघण्यासारखा आहे. मूळ ७५ जीबी, वर तीन सिमं प्रत्येकी १५० रुपयांना आणि प्रत्येकामागे पाच जीबी. एकूण ८९९, करासकट १,०६१, म्हणजे माणशी २६५. चौघांत ९० जीबी पुरत असेल तर प्रीपेडच्या ८५९ च्या पॅकपेक्षा (३० दिवसांचे सुमारे ३०७) स्वस्त. मात्र घरातलं एक मूल गेम उतरवायला लागलं की सगळ्यांचा डेटा संपतो. एअरटेलचा दोघांचा ६९९ चा प्लॅन करासकट ८२५ ला जातो, माणशी ४१२, आणि ९७९ चा प्रीपेड पॅक ३० दिवसांना ३५० पडतो. वरचे पैसे ओटीटीचे. ते तुम्ही एरवी भरत असाल तरच फायद्यात धरा, आणि मिळणारी आवृत्ती टीव्हीवर चालते की फक्त मोबाइलवर, हे आधी वाचा.

पोर्ट करताना

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर पोर्ट (PORT) हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि मेसेज १९०० वर. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्याच सर्कलमध्ये (दूरसंचारच्या विभागात) तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. आपल्याकडे मुंबई (नवी मुंबई, कल्याण धरून) हे एक सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं. कोल्हापूरचा नंबर घेऊन मुंबईत आलेल्यानं सर्कल बदलायची गरज नाही, देशात रोमिंगचे वेगळे पैसे पॅकवर लागत नाहीत.

कोड मिळत नाही त्याची कारणं ठरलेली असतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, किंवा सिम बदलून सात दिवस व्हायचेत (हा नियम १ जुलै २०२४ पासून). सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएसही बंद असतात, तेव्हा त्या दिवशी बँकेचं काम ठेवू नका.

पोर्ट झालं की जुन्या पॅकचे उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडतात. म्हणून पॅक संपायला चार-पाच दिवस उरलेत तेव्हाच मेसेज टाका. 

नवं सिम चालू झाल्यावर न मागता कॉलर ट्यूनचे किंवा तसल्या सेवेचे पैसे कापले गेले तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करा. बाकी तक्रारींसाठी १९८, फोन मोफत आहे. तिथे डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर त्याच डॉकेट नंबरावर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो.